सकाळी मरणारी गाडी

"माझ्या भावाला आत टाकायचंय," असं म्हणतच तो माणूस घरात शिरला आणि कुणी 'बसा' म्हणायच्या आत खुर्चीत बसला.

वहिनींनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. तीस वर्षं विमा कंपनीसाठी खोटे दावे हुडकण्यात गेलेली ही बाई आता खासगी चौकश्या करायची, आणि समोरचा निम्मं खोटं बोलतोय असं धरूनच ऐकायची. खिडकीशी बसलेल्या भाऊजींना, म्हणजे त्यांच्या धाकट्या दिरांना, हा पाहुणा बघताक्षणीच आवडला नाही. भाऊजी निवृत्त चित्रकला शिक्षक. वर्गात शिरताना परवानगी न मागणारी पोरं त्यांनी जन्मभर सोसली होती.

"आत टाकण्याइतकं भावानं केलं काय?" वहिनींनी विचारलं.

"माझी मोटरसायकल मारून टाकली."

हकिगत अशी. वडील जाऊन तीन वर्षं झाली. जाताना त्यांनी घर थोरल्याच्या नावावर केलं आणि गाड्या दुरुस्त करायची शेड ह्या पाहुण्याच्या, म्हणजे धाकट्याच्या. शेडमध्ये काम करतो थोरला, आणि धाकट्याला ती विकायची आहे. शुक्रवारी दहा वाजता जिल्ह्याच्या गावी सही करायची होती. सकाळी चावी फिरवली तर गाडी ठप्प. दिवा नाही, हॉर्न नाही, धक्का मारूनही उपयोग नाही. बस निघून गेली होती, सही राहिली. गिऱ्हाइकानं शेवटची तारीख दिली उद्याची.

"समोरच्या वायरिंगवाल्यानं फ्यूज बदलला, गाडी दिवसभर पळाली. शनिवारी सकाळी पुन्हा मेली. रविवारी पुन्हा, आज पुन्हा. दादाशिवाय हे कोण करणार? उद्या सही झाली की तो रस्त्यावर येतो. आज पुरावा द्या, संध्याकाळी तक्रार नोंदवतो."

"गाडी केवढी जुनी?"

"दोन वर्षांची. नवी कोरी घेतलेली."

"मग नव्या गाडीचं दुखणं बघू या," वहिनी उठत म्हणाल्या. "भाऊजी, वही घ्या. आणि तोंड जरा बरं करा, आपण लग्नाला चाललो नसलो तरी मयतालाही चाललेलो नाही."

गाडी घराच्या बोळात उभी होती. बोळ इतका अरुंद की हँडल पुरतं डावीकडे वळवून लॉक केल्याशिवाय जिना चढता येत नव्हता. वहिनींनी बाजूचं झाकण काढलं. फ्यूज जळलेला होता. मग त्यांनी भाऊजींना टॉर्च धरायला लावला आणि हेडलाइटच्या मागे डोकावल्या.

"इथे वायरची जुडी दोऱ्यानं बांधलीय. गाठ जशीच्या तशी वहीत काढा."

भाऊजींनी काढली. काळा, मेण लावलेला दोरा. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याखाली सरकवलेला, टोक कुठेच दिसत नव्हतं. नव्या गाडीत कंपनीनं इतका जीव ओतला, ह्याचं त्यांना कौतुक वाटलं. तसं त्यांनी बोलूनही दाखवलं. वहिनी नुसत्या हुंकारल्या.

समोरचा वायरिंगवाला दुकानाच्या दारातून तमाशा बघत होताच.

"तीन वेळा फ्यूज घातला," तो म्हणाला. "गाडीत दोष नाही. दोष ह्याच्या नशिबात आहे."

"तपासताना हँडल कसं होतं?"

"सरळ. माझ्याकडे जागा आहे, बोळ नाही."

"जुडी तुम्ही बांधलीत?"

"मी चिकटपट्टी गुंडाळतो आणि मोकळा होतो. दोरे बांधत बसायला माझा काय वेळ जात नाही?"

"बाबांच्या बांधणीला तोड नव्हती," धाकटा मध्येच म्हणाला. "लांबून गाड्या यायच्या."

वायरिंगवाला कुत्सित हसला. "तुझा बाप चहाचा कप दोन हातांनी धरायचा. पहिल्यापासून हात थरथरायचे त्याचे. गाड्या यायच्या हे मात्र खरं."

थोरला शेडमध्ये इंजिन खोलून बसला होता. त्यानं मान वर केली नाही. "पैसे तो देतोय, म्हणजे गुन्हेगार मीच निघणार. विचारा काय ते."

"वायर कशानं बांधता?"

त्यानं प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा जुडगा पुढे फेकला. "ह्यानं. दोरे बाबांबरोबर गेले. मला ती गाठ कधी आली नाही. बाबा जुड्या घरी न्यायचे आणि सकाळी बांधून आणायचे, मला कधी दाखवलं नाही."

"भावाची गाडी अडली, तेव्हा बरं वाटलं?"

"फार बरं वाटलं," थोरला म्हणाला. "लिहून घ्या."

घरी दोघांची आई चहा गाळत होती. तिनं कप असे आपटले की भाऊजींच्या बशीत निम्मा चहा सांडला. त्यांनी नजर खाली घातली, तर गाळणीची मूठ दिसली. तुटलेली मूठ काळ्या दोऱ्यानं बांधलेली होती, घट्ट आणि सुबक. वर्गात अशी नक्षी एखाद्या पोरानं काढली असती तर त्यांनी पैकीच्या पैकी गुण दिले असते.

"शेड विकावी असं तुम्हाला वाटतं का?" वहिनींनी विचारलं.

"मला कोण विचारतं?" आई म्हणाली आणि आत निघून गेली.

अर्ध्या तासानं वहिनींनी दोघे भाऊ, आई आणि वायरिंगवाला अशा चौघांनाही बोळात बोलावलं. चौघं एकमेकांपासून जमेल तितके लांब उभे राहिले.

वहिनींनी नवा फ्यूज घातला, हँडल सरळ केलं, बटण दाबलं. गाडी लगेच सुरू झाली. त्यांनी ती बंद केली, चावी काढून धाकट्याच्या हातात दिली आणि हँडल पुरतं डावीकडे फिरवलं. टक् असा बारीक आवाज झाला.

"आता लाव चावी."

त्यानं लावली. गाडी मेलेली होती.

"गाडी सकाळी मरत नव्हती, रात्रीच मरत होती," वहिनी म्हणाल्या. "बॅटरीतून चावीकडे जाणाऱ्या वायरीत चावी काढली तरी वीज असते. त्या वायरीचं साल कुणीतरी नखाएवढं तासलंय. हँडल पुरतं डावीकडे गेलं की उघडी तार लोखंडाला टेकते आणि फ्यूज उडतो. चालवताना कुणी हँडल इतकं वळवत नाही. दुकानात ते सरळ असतं, म्हणून ह्यांना दोष सापडला नाही. पुरतं वळतं ते फक्त ह्या बोळात."

"म्हणजे घरातलाच," धाकटा थोरल्याकडे वळला. "मी म्हणत नव्हतो?"

"घरातलंच. पण तुझा भाऊ पट्ट्या वापरतो, हे वायरिंगवाले चिकटपट्टी. वायर तासायला जुडी सोडावी लागली, आणि ज्यानं सोडली त्याला ती तशीच लोंबती ठेवणं जमलं नाही. सवयीनं पुन्हा बांधली गेली, मेणाच्या दोऱ्यानं."

"ती बाबांची गाठ आहे," थोरला हळूच म्हणाला.

"बाबा गेले तीन वर्षांपूर्वी, गाडी आली दोन वर्षांपूर्वी. आणि ज्याला कप एका हातानं धरता येत नव्हता, तो ही गाठ बांधणार? जुड्या घरी यायच्या त्या उगाच नाही. भाऊजी, वही दाखवा. आणि आतून गाळणी आणा."

भाऊजींना तेव्हा कळलं, आणि स्वतःच्या डोळ्यांची लाज वाटली. दोन्ही गाठी त्यांनीच न्याहाळल्या होत्या. ते आत जायला वळले.

"गाळणी राहू द्या," आई म्हणाली. "मीच केलं."

दोघा मुलांच्या मधून ती गाडीपाशी आली.

"तीस वर्षं ह्या गावच्या गाड्या मी बांधल्या. नाव त्यांचं झालं, ते मी होऊ दिलं. घर ह्याला, शेड त्याला. कागदावर माझी सही कुणाला लागली नाही. म्हणून गाडीवर केली."

"उद्या मी बसनं जाईन," धाकट्याचा आवाज चिरकला. "आणि तक्रार तुझ्या नावानं देईन."

"दे. निदान त्या कागदावर तरी माझं नाव येईल."

मग ती आतून पक्कड, चिकटपट्टी आणि दोरा घेऊन आली आणि गाडीपुढे उकिडवी बसली. बॅटरीची तार सोडवली, तासलेल्या जागी पट्टी गुंडाळली आणि दोरा दातात धरून गाठ मारायला लागली. ती गाठ बांधली जाताना थोरला पहिल्यांदाच बघत होता. त्यानं टॉर्च धरायला हात पुढे केला, तो तिनं बाजूला सारला.

तार आणि नवा फ्यूज जागच्या जागी बसवून तिनं हँडल दोन वेळा डावीकडे आपटलं. "लाव."

धाकट्यानं बटण दाबलं. गाडी सुरू झाली.

"बस कशाला हवी?" आई म्हणाली. "गाडीनं जा. आता काही होणार नाही." तिनं हात पदराला पुसले आणि ती घरात गेली. धाकटा तसाच उभा राहिला. गाडी बंद करायचंही त्याला सुचलं नाही.

रस्त्यावर आल्यावर भाऊजींनी विचारलं, "वहिनी, उद्या तो जाईल?"

"मला काय माहीत? चार दिवस गाडीला शिव्या देता येत होत्या. आता गेला, तर स्वतःहून गेला असंच म्हणावं लागेल."