तुटलेल्या केबलवरची रांग

ही गोष्ट खरी आहे, हे पटवून द्यायला माझ्याकडे पुरावा नाही. आणि खरं सांगू? पटवण्याइतका जोरही आता अंगात उरलेला नाही. ज्याला पटेल त्याला पटेल.

घडलं ते तैवानच्या मात्सू बेटांमधल्या आमच्या बेटावर, केबल स्टेशनात. चांद्र पंचांगाचा सातवा महिना होता, मेलेले जेवायला येतात तो. आणि रात्र नव्हती. भर दुपार होती, बाहेर ऊन रणरणत होतं.

असल्या गोष्टी रात्रीच घडतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या मशीनच्या खोलीत तासभर येऊन बसावं. खिडकी नाही. पंख्यांची सतत घरघर. तिथे दुपार काय आणि रात्र काय, सगळं सारखंच.

मी त्साओ वेन-काय, गावासाठी आ-काय. बेटाचं इंटरनेट चालू ठेवायचं, हे माझं काम. त्या दिवसांत ते जवळजवळ बंदच होतं. कुठल्याशा वाळू उपसणाऱ्या जहाजाने नांगर ओढत नेला आणि समुद्राच्या तळाची आमची केबल तोडून टाकली. दुरुस्तीचं जहाज भलतीकडेच अडकलेलं. उरली फक्त डोंगरावरच्या डिशची लाइन. अख्ख्या गावाने एका नळावर पाणी भरावं, तशी आमची गत झाली होती.

मग आधी कोण आणि नंतर कोण, हे ठरवावं लागतं. तैपेईहून नियम आला. पहिला दवाखाना. मग तटरक्षक दल. मग सरकारी कचेरी. बाकी सगळे शेवटी.

नियम त्यांनी केला आणि शिव्या मी खाल्ल्या.

"आ-काय, माझ्या लेकीचं तोंड बघून महिना झाला," नूडल्सवाली शू काकू भर बाजारात ओरडायची. "तू वर बसून रांगा लावतोस होय रे? तुला कुणी यमराज नेमलंय?"

झोप नव्हती, घरी जाणं नव्हतं. स्टेशनात दोघंच होतो, मी आणि माझे वरिष्ठ पिंग दादा. दोघांचाही जीव मेटाकुटीला आला होता.

त्या दिवशी दुपारी आम्ही दारात टेबल मांडलं. सातव्या महिन्यात सगळेच मांडतात, दुकानं, बँका, आम्हीसुद्धा. भात, नूडल्सची पाकिटं, बिअर, फळं. बाजूला पाण्याचं घमेलं आणि टॉवेल. पाहुण्यांना हात-तोंड धुवायला नको का?

पाहुणे म्हणजे कोण ते तुम्ही ओळखलं असेल. आम्ही त्यांना 'चांगले भाऊ' म्हणतो. या महिन्यात त्यांचं दुसरं नाव कुणी घेत नाही. आमच्या बेटाला तर समुद्रातून वाहून आलेले भाऊच जास्त. कुठले, कुणाचे, काही पत्ता नाही. घरी जायला निघालेले आणि इथेच राहिलेले.

उदबत्ती संपत आली. आता त्यांना विचारायचं, जेवण झालं का? दोन नाणी टाकायची. एक छापा, एक काटा पडला, तर झालं. दोन्ही सारखी पडली, तर अजून नाही. आणि हो म्हणेपर्यंत टेबलाला हात लावायचा नाही.

पिंग दादांनी नाणी टाकली. दोन्ही छापे.

थांबलो. पुन्हा टाकली. दोन्ही काटे.

पुन्हा थांबलो. पुन्हा टाकली...

दोन्ही काटे.

तेवढ्यात आत डिशच्या लाइनचा अलार्म वाजला. त्या दिवसातली ती कितवी वेळ होती, देव जाणे. पिंग दादा टेबलाकडे बघत राहिले. मग एकदम म्हणाले, "बस झालं. आम्ही सकाळपासून उपाशी आणि यांचं संपतच नाही."

"दादा, थांबा की जरा," मी म्हणालो. माझा या सगळ्यावर विश्वास नव्हता, तरी म्हणालो. आणि दादा तर दरवर्षी मी एक पाकीट वाकडं ठेवलं तरी बोलणारे.

"तू अलार्म बघ," ते म्हणाले. त्यांनी घमेलं उपडं केलं, सगळं खोक्यात कोंबलं आणि टेबल मिटून टाकलं.

आम्ही आत आलो. अलार्म आपोआप थांबला होता.

मी खुर्चीत बसलो. डोळे मिटणार...

एवढ्यात फोन वाजला.

खिशातला नाही. भिंतीवरचा. केबलच्या या टोकाने त्या टोकाशी बोलायचा तो फोन. तो त्या केबलवरच चालतो. केबल तुटल्यापासून तो मेलेला होता. मीच त्यावर 'बंद' अशी चिठ्ठी चिकटवली होती.

तो वाजत होता.

पिंग दादा माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. उचलायला कुणीच उठेना. शेवटी मी उठलो.

"हॅलो?"

कुणी बोललं नाही. पण आवाज होता... वाडग्यावर जेवणाच्या काड्या लागल्याचा. कुणीतरी भुरकत होतं. कुणीतरी वाडगं खरवडत होतं. एक नाही, पुष्कळ जण. पंगत बसली होती.

मी श्वास रोखला...

आणि तिकडचे सगळे आवाज एकदम थांबले.

मी फोन ठेवून दिला. वळून बघितलं, तर तुटलेल्या केबलची वायर मशीनला जिथे लागते, त्या पोर्टवरचा दिवा हिरवा झाला होता.

हिरवा म्हणजे पलीकडे कुणीतरी आहे.

लगेच खिशातला फोन वाजला. तैपेईच्या सुरक्षा विभागाच्या लियाओ मॅडम. "त्साओ, काय चाललंय तुमच्याकडे? बंद पोर्टवरून कुणीतरी आत आलंय. दवाखान्याच्या रांगेत घुसलंय आणि डिशची सगळी लाइन अडवून बसलंय."

"मॅडम, केबल तुटलेली आहे."

"ते मला शिकवू नका. हल्ला आहे हा. तोडा त्याला."

मी पोर्टमधली वायर उपटली. टोक माझ्या हातात होतं.

दिवा हिरवाच.

"तोडलं का?" मॅडम.

"तोडलं."

"मग अजून येतंय कसं?"

कामाच्या टेबलावरचा फोन वाजू लागला, म्हणून मॅडमना थांबायला सांगून तो उचलला. दवाखान्यातली सिस्टर यी-चुन होती.

"आ-काय, घाबरू नकोस," ती म्हणाली. असं कुणी म्हटलं की माणूस घाबरतोच. "तुझ्या बाबांना आणलंय. छातीत कळ आली, धक्क्यावर कोसळले. मोठी रक्तवाहिनी फुगलीये, कधीही फाटेल. इथे काही करता येणार नाही. हेलिकॉप्टर हवं."

"मग बोलवा ना!"

"तैपेईच्या डॉक्टरांनी ईसीजी आणि स्कॅन बघून हो म्हटल्याशिवाय ते उडत नाही. आम्ही केव्हाचं पाठवतोय, पण जातच नाही. आमच्या पुढे कुणाचे तरी कागद लागलेत रे. आम्ही दुसऱ्या कुणाचेच पाठवलेले नाहीत. संध्याकाळी वारा वाढणार आहे. एकदा वारा वाढला की उद्यापर्यंत कुणी येत नाही."

मागून बाबांचा आवाज आला, खोल गेलेला. "त्याला म्हणावं, काम टाकून येऊ नको. मी काय पळून जातोय?"

आई गेल्यापासून आम्ही दोघंच. मी सगळ्या बेटाची रांग लावत बसलो होतो आणि माझा बाप रांगेत अडकला होता.

मॅडम अजून दुसऱ्या फोनवर होत्या. "ऐकताय ना? डिशची लाइन पूर्ण बंद करा. सगळं पुसून नव्याने चालू करा."

"त्याला किती वेळ लागेल माहितीये ना तुम्हाला? संध्याकाळ होईल. माझे वडील त्या लाइनवर आहेत."

"त्साओ, हा हुकूम आहे."

मी फोन कापला. नोकरी गेली तर गेली.

पिंग दादा दिव्याकडे बघत उभे होते. चेहरा पांढराफटक. "जेवत्या पानावरून उठवलं रे मी त्यांना," ते पुटपुटले. मग एकदम धावले. खोका उघडला, कुकरमधला उरलेला भात वाडग्यांत काढला, घमेल्यात पाणी ओतलं, बिअर उघडली. सगळं त्या पोर्टसमोर फरशीवर मांडलं. उदबत्ती लावली. मशीनच्या खोलीत धूर चालत नाही. कुणाला पर्वा होती!

नाणी टाकली. दोन्ही छापे.

अजून नाही.

"सिस्टर, गेलं का?" मी टेबलावरच्या फोनात विचारलं.

"नाही रे. हलतच नाही."

पुन्हा नाणी. दोन्ही काटे. दादांचे ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता.

मग मी गुडघ्यावर बसलो. देवळात कधी धड हात न जोडणारा मी. हिरव्या दिव्यासमोर हात जोडले आणि रडायलाच लागलो.

"सावकाश जेवा," मी म्हणालो. "कुणी उठवणार नाही. पण तेवढं माझ्या बाबांना पुढे जाऊ द्या. म्हातारा माणूस आहे. त्यांना आधी सोडा... मग तुमचंही बघतो मी."

का बोललो, माहीत नाही. गावात रोज शंभर जणांना सांगतो, तसंच तोंडातून निघून गेलं.

दादांनी नाणी टाकली.

एक छापा. एक काटा.

हिरवा दिवा विझला.

"गेलं!" फोनमधून सिस्टर ओरडली. "आ-काय, सगळं गेलं!"

थोड्या वेळात होकार आला. वारा वाढायच्या आत हेलिकॉप्टर आलं. मी स्टेशनाच्या दारातून ते उडताना बघितलं आणि तिथेच पायरीवर झोपलो. पिंग दादांनी अंगावर जाकीट टाकलं, तेही कळलं नाही.

बाबा वाचले. तैपेईच्या मोठ्या दवाखान्यात त्यांची शस्त्रक्रिया झाली. दोन दिवसांनी फोनवर कुरकुरायला लागले, "इथली पेज म्हणजे भिंतीला लावायची खळ आहे नुसती." ते ऐकून मला इतकं बरं वाटलं!

लियाओ मॅडमनी चौकशी लावली. तज्ज्ञ आले, सगळं तपासून गेले. त्यांना काहीच सापडलं नाही. शेवटी 'उपकरणातील बिघाड' असं लिहून मोकळे झाले. मीही सही केली. भांडणार कोण?

केबल जोडली गेली. शू काकूला लेक दिसली. मला वाटलं, सुटलो.

मग एका सकाळी तैपेईच्या त्याच दवाखान्यातून फोन आला. हेलिकॉप्टरच्या विनंत्या बघणारी कुणी बाई होती. आवाज बिचारीचा माझ्यासारखाच दमलेला.

"त्साओ साहेब, तुमचे वडील कसे आहेत?"

"छान आहेत. तुमचे उपकार."

"बरं. मग बाकीच्यांचं काय करायचं?"

"बाकीचे कोण?"

"त्याच दुपारी तुमच्या बेटावरून आलेल्या विनंत्या. पुष्कळ आहेत. तुमच्या वडिलांच्या आधी आल्या होत्या, मग आपोआप मागे सरकल्या. रुग्णाचं नाव नाही, वय नाही. नुसते ईसीजी." ती जरा थांबली. "आणि सगळ्यांची सरळ रेघ आहे. तुमच्याकडे यंत्र नीट लावलं नव्हतं का?"

"जायचं ठिकाण म्हणून सगळ्यांनी एकच शब्द लिहिलाय," ती म्हणाली. "'घरी'. पत्ता नाही. आणि नातेवाईक म्हणून सगळ्यांवर तुमचंच नाव आहे. म्हणून फोन केला. रद्द करू का?"

पलीकडे ती जांभई दाबत होती.

"नको," मी म्हणालो. "राहू द्या."

"मग कधी पाठवू हेलिकॉप्टर? काहीतरी लिहावं लागेल मला."

"लिहा... थोडं थांबा म्हणून."

बाबा आता घरी आहेत. रोज धक्क्यावर जातात, लोकांशी वाद घालतात. त्यांना यातलं काही ठाऊक नाही. ती बाई महिन्याला एकदा फोन करते, कारण उघड्या विनंत्यांचा पाठपुरावा करायचा असा तिच्याकडे नियम आहे. मीही दर महिन्याला तेच उत्तर देतो.

परवा मात्र ती म्हणाली, "त्साओ साहेब, त्या बाकीच्यांकडून उत्तर आलंय."

"काय?"

"'म्हाताऱ्याला आम्ही जागा दिली. तुमचंही बघतो असं जो म्हणाला, आता त्यालाच आमच्याकडे पाठवा.'"