वीतभर अंतरावर

मला वीतभर अंतरावरचं तेवढं स्वच्छ दिसतं. त्यापलीकडे चष्म्याशिवाय सगळं धुकं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे अडायला नको.

आमचं चष्म्यांचं दुकान होतं. हे स्वतः काचा बसवायचे. माझा डावा कान जरासा वर आहे, ही गोष्ट जगात फक्त ह्यांना ठाऊक. माझ्या चष्म्याची दांडी वाकवताना म्हणायचे, "हलू नकोस…" मग काचांवर तोंडाची वाफ धरायची, त्या पुसायच्या आणि चष्मा माझ्या नाकावर. ह्यांच्या स्वतःच्या काचा तर माझ्याहून जाड. लग्नात नातेवाईक म्हणाले होते, जोडा शोभतो, दोघांनाही एकमेकांचे दोष दिसायचे नाहीत.

शहरात जाऊन सिनेमा बघायचा आणि मग हॉटेलात निवांत जेवायचं, हा बेत आम्ही सारखा आखायचो. मी पुढे जाऊन शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवायची, दुकान आवरून हे मध्यंतरानंतर अंधारात चाचपडत यायचे. सिनेमा संपला की कुणाचा तरी चष्मा सकाळी द्यायचा असायचाच. "जेवण पुढच्या वेळी, नक्की." बोलाचीच कढी नि बोलाचाच भात. मग हे गेले. माणूस गेल्याचं दुःख असतंच हो, पण मला त्या राहिलेल्या जेवणानं फार छळलं.

वर्ष सरल्यावर नणंद म्हणाली, "वहिनी, ऊठ बघू. तोच बेत आपण दोघी करू. दादा नाही तर मी."

संध्याकाळचा खेळ होता. नणंद डावीकडे बसली, उजवीकडच्या रिकाम्या खुर्चीवर मी सवयीनं पर्स ठेवली. मध्यंतर संपलं, दिवे मालवले. थोड्या वेळानं पर्स माझ्या मांडीवर होती. मी ती उचलली नव्हती. शेजारची खुर्ची करकरली. दुकानातल्या काचा घासायच्या यंत्राच्या तेलाचा तो ओळखीचा वास आला, आणि कुणीतरी माझा चष्मा अलगद काढून घेतला.

"हलू नकोस…"

मी हलले नाही. श्वाससुद्धा जपून घेतला. चष्मा परत नाकावर आला तेव्हा बाजूला कुणी नव्हतं. पण हे गेल्यावर दुसरीकडून केलेला तो चष्मा, जो सदान्‌कदा घसरायचा, डाव्या कानावर घट्ट बसला होता. माणूस उठला की तिथल्या खुर्च्या आपोआप मिटतात. ती उजवीकडची सिनेमा संपेपर्यंत मिटली नाही.

नंतर जेवायला बसलो. नणंद माझ्या शेजारी, समोरची खुर्ची रिकामी. सुपाच्या वाफेनं काचा धुरकटल्या म्हणून मी चष्मा काढला. समोरच्या धुक्यात कुणीतरी बसलं होतं. चष्मा घातला, तर खुर्ची रिकामी. काढला, तर होतं.

"अगं, चष्मा घाल की. काय जेवतेस ते तरी दिसू दे."

"राहू दे गं… आज असंच बरं वाटतंय."

डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी एकेक घास घोळवत बसले, ते जेवण संपूच नये म्हणून.

तेव्हापासून बेत मीच आखते. नणंदेला वाटतं, वहिनी माणसांत आली. आणि दर खेपेला ती आकृती थोडी जवळ आलेली असते. आधी खुर्चीला टेकून होती, आता टेबलावर ओणवी होते. भीती वाटत नाही म्हटलं तर खोटं होईल. पण चेहरा विसरत चाललेय हो मी त्यांचा. वीतभर अंतरावर आला, की मला दिसेल.

एक गोष्ट मात्र खटकायची. धुक्यातसुद्धा चष्म्याची काच चमकते. त्या चेहऱ्यावर काहीच चमकत नव्हतं. मग उलगडलं. ह्यांचा चष्मा तर माझ्या कपाटात! म्हणजे त्यांनाही मी दिसत नाही… म्हणून ते पुढे पुढे वाकतात.

परवा तो चष्मा सोबत नेला. नणंद हात धुवायला गेल्यावर मी तो उघडून रिकाम्या खुर्चीसमोर ठेवला. "घ्या… बघा एकदा मला."

मग माझा घालून पाहिलं. खुर्ची रिकामी. ह्यांचा चष्मा ठेवला होता तिथंच. जेवण अजून यायचं होतं, टेबलावर गरम असं काही नव्हतं. तरी त्या दोन्ही काचांवर वाफ होती. ती विरत होती, आणि पुन्हा धरत होती.