गाडी बाहेरच

ही माझ्या वडिलांची गोष्ट आहे. यात मी एक शब्दही पदरचा घातलेला नाही. घडली तीही भर दिवसा, चारचौघांसमोर.

गावाबाहेरच्या माळावर एक उभा दगड आहे. माणसाच्या दुप्पट उंच. लिहिणं-वाचणं सुरू व्हायच्याही आधीचा. भोवती सरकारी कुंपण, 'संरक्षित स्मारक' अशी पाटी, आणि दगडापासून बरंच अलीकडे गाड्या अडवायला कुलूपबंद आडवा दांडा.

बाबा तिथले पहारेकरी.

त्या दुपारी मी डबा घेऊन गेले, तेव्हा ते दगडाला टेकून बसले होते.

"हात लावू नये, असं लिहिलंय ना?"

"हात कुठे लावलाय? पाठ लावलीय."

स्वतःच्याच विनोदावर ते हसले. हसता हसता छातीवर हात गेला.

मी फोन केला. ॲम्ब्युलन्स दांड्यापाशी आली. घामाने निथळत बाबा ओरडले, "गाडी बाहेरच! हादरे बसतील दगडाला!"

किल्ली त्यांच्या मुठीत होती.

मूठ उघडेना.

स्ट्रेचर माळ तुडवत आलं, तोवर…

थंडीत पुरातत्त्व खात्याने नवी, मोठी पाटी बसवली. अनावरणाला मलाही बोलावलं. दांडा वर झाला आणि साहेबांची मोटार थेट दगडापाशी जाऊन थांबली.

"एवढ्याने काय होतंय, ताई," मी हादऱ्यांचं म्हटल्यावर ड्रायव्हर म्हणाला.

भाषणं झाली. टाळ्या झाल्या. बाबांचं नाव कुणी घेतलं नाही.

मग मोटार सुरूच होईना.

ड्रायव्हरने पुन्हा किल्ली फिरवली. इंजिन गप्प. वाराही पडलेला. आणि त्या शांततेत…

"गाडी बाहेरच."

ड्रायव्हरचा चेहरा पांढराफटक. "कोण बोललं?"

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मी तोंड उघडलं नव्हतं.

शेवटी सगळ्यांनी ढकलत ती दांड्याबाहेर नेली. बाहेर पडताच इंजिन आपोआप सुरू झालं. कुणी मागे वळून पाहिलं नाही.

मी एकटीच दगडापाशी गेले. उन्हं उतरली होती. दगड बर्फासारखा गार.

फक्त खाली एका जागी… बसलेल्या माणसाची पाठ टेकते तेवढ्या जागी…

तो गरम होता. ताप भरलेल्या अंगासारखा.

म्हणजे अजून इथेच. अजून पहाऱ्यावर.

मी त्या जागेवर हात ठेवला, आणि त्या दुपारी म्हणायचं राहिलेलं वाक्य मोठ्याने म्हटलं.

"बाबा, पडला असता तो दगड, तर पडू द्यायचा होता."