रोल नंबर सतरा, लिलाबाई

आमची पहिली भेट एका यादीत झाली. पाऊस नव्हता, बसस्टँड नव्हतं, नजरानजर तर नव्हतीच नव्हती. राठोड सरांनी ग्रुपवर टाकलेल्या यादीत रोल नंबर सतरासमोर रोल नंबर त्रेचाळीस लिहिला होता, बस्स. सतरा मी. त्रेचाळीस तो — प्रसेनजित, रिसोडचा.

२०२० ची दिवाळी नुकतीच सरली होती. वाशीमचं कॉलेज कुलूपबंद, आणि बी.ए.च्या पहिल्या वर्षाला ‘लेखनाची ओळख’ नावाचा पेपर ऑनलाइन. मी मेडशीत, पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर बसून शिकायची, कारण नेटची रेंज तिथंच यायची. सरांची पद्धत अशी, की दर आठवड्याला एक पान लिहायचं, ते आपल्या जोडीदाराला पाठवायचं आणि त्यानं वाचून काय भिडलं, कुठं अडलं ते कळवायचं. नुसतं ‘छान’ लिहायला बंदी. “छान म्हणजे वाचलंच नाही,” सर म्हणायचे.

माझं पहिलं पान समुद्रावर होतं. लाटा, क्षितिज, मावळता सूर्य... सगळं ठासून भरलेलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं.

‘आदरणीय लिलाबाई काकू, सप्रेम जय भीम. या वयात आपण शिक्षण पुन्हा सुरू केलं, याचं मला फार कौतुक वाटलं. राग मानू नका, पण आपण समुद्र पाहिला आहे काय?’

मी दोनदा वाचलं आणि ओट्यावर एकटीच खो-खो हसत सुटले. फोन आईचा होता ना! वर्गात नाव दिसायचं लिलाबाई, फोटो दिसायचा आईचा — चौदा एप्रिलचा, पांढरी साडी, चेहरा गंभीर. सरांनी फोनवर दिसलेलीच नावं यादीत उतरवली होती.

‘मी काकू नाही, एकोणीस वर्षांची पिंकी आहे’ — एवढी एक ओळ पुरली असती. पण मला गंमत वाटली. आणि खरं सांगू? पिंकीला आजवर कुणी ‘आदरणीय’ म्हटलं नव्हतं.

‘नाही पाह्यला, बाबू,’ मी लिहिलं. ‘अकोल्याच्या पुढं गेलीच नाही मी.’

‘मंग मेडशीचं लिहा न काकू. समुद्र सारेच लिहून राह्यले.’

काकू झाले म्हटल्यावर काकूसारखं लिहिणं आलं. मी आईच्या मागे लागले. आम्ही दोघी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसायचो आणि मी हळूच विषय काढायची.

“आई, तुही शाळा काहून सुटली व?”

“आता कायले पायजे तुले ते?”

“सांग न...”

“सातवीत पयली आली मी. आठवीची शाळा दोन कोस दूर. अकरा दिवस पायी गेली. बाराव्या दिवशी बापानं चप्पल लपवली.” आईनं शेंग सोलली, दाणे टोपल्यात टाकले. “मी अनवानीच गेली. मंग त्यायनं दप्तर लपवलं.”

एकोणीस वर्षं एका ताटात जेवले, पण हे मला ठाऊक नव्हतं. त्या संध्याकाळी मी ते सगळं लिहून काढलं. ‘आई’ऐवजी ‘मी’ लिहिलं, एवढाच बदल.

त्याचं उत्तर यायला दोन दिवस लागले.

‘काकू, चपलेपाशी थांबलो. पुढं वाचता नाही आलं. माही माय मी दहावीत असताना गेली. तिचा आवाज आता नीट आठवत नाही मले, कोनाले सांगतलं नाही हे. तुमचं पान वाचतो तं वाटते, तीच बोलून राह्यली.’

त्या दिवशी मला हसू आलं नाही. तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर ही पत्रं थांबली असती... आणि मला ती हवी होती. भाकरी थापतानाही मी त्याच्या ओळी मनात घोळवायची. तो रिसोडच्या बाजाराचं लिहायचा, सोयाबीनच्या पोत्यांवर झोपलेल्या हमालांचं, चुकून दुसऱ्याच गावाला उतरलेल्या म्हाताऱ्याचं. मी टाकीच्या ओट्यावर बसून रेंजची एकेक कांडी मोजत वाट बघायची. प्रेमात पडायला अडचण एकच होती, त्याच्या लेखी मी पंचेचाळीस वर्षांची होते.

म्हणून मग काकूच्या पदराआडून बाण मारायला लागले.

‘बाबू, घरी लग्नाचं पाहून राह्यले का नाही तुह्या?’

‘एवढ्यात कोन पाह्यते काकू? अन् मले पोरगी देते कोन? तुमच्या नजरेत हाय का एखादी?’

‘हाय एक. पन लय तिखट हाय.’

‘तिखट खातो मी.’

‘ठसका लागंल...’

‘पानी द्याले तुमी हायच न! फोटो तं दाखवा.’

‘फोटो नाही भेटत. लिहिते मात्र बरं.’

‘मंग झालं तं. चेहऱ्याचं काय, मास्कच हाय साऱ्यायच्या तोंडाले.’

आज आठवलं तरी कान गरम होतात. किती शहाणी समजत होते मी स्वतःला!

जानेवारीत कोर्स संपत आला. शेवटच्या वर्गात, सोमवारी, प्रत्येकानं कॅमेरा चालू करून आपलं पान वाचायचं होतं. आणि शुक्रवारी त्याचा मेसेज आला — ‘काकू, रविवारी येतो. तुमच्या पाया पडाचं हाय.’

दोन दिवस मी ‘नको येऊ’ लिहायची आणि पुसायची. रविवारी सकाळी दारात एस.टी.च्या धुळीनं माखलेला, उंच, किडकिडीत मुलगा उभा. मास्क हनुवटीवर, हातात पेढ्यांचा पुडा आणि एक कोरी वही.

“लिलाबाई काकूचं घर हेच का?”

मी आत चुलीपाशी थिजले. आई पुढे झाली. “ये बाप्पा प्रसेनजित, बस.”

आईला त्याचं नाव कसं ठाऊक? माझ्या हातातला चिमटा सुटला.

तो खरंच पाया पडला. वही आईच्या हातात दिली. “पुढचं ह्यात लिहा काकू. एक सांगा, अनवानी गेल्या त्या दिवशी पाय नाही पोयले?”

“पोयले न. शाळेतल्या बाईनं हौदात पाय बुडवाले लावले,” आई म्हणाली. बोलता बोलता ती थांबली. वहीवरून हात फिरवला. “बाप्पा, गोष्टी साऱ्या माह्याच हाय. पन लिहिल्या ह्या पोरीनं. पिंके, भाईर ये.”

मी बाहेर आले. तो माझ्याकडे बघतच राहिला. आधी नुसतं आश्चर्य... मग त्याला एकेक आठवत गेलं असावं, कारण चेहरा लाल झाला आणि लगेच उतरला.

“म्हंजे तिखट पोरगी...?”

“मीच,” मी म्हटलं.

“अन् माह्या मायचं लिहिलं, ते बी तुमीच वाचलं?”

मी मान हलवली.

“मोठं मानूस हाय म्हणून सांगतलं होतं मी. तुमी तिकडं हसल्या असान.”

“नाही हसले. शपथ...”

पण तो उठला होता. कपात चहा तसाच होता. आईला नमस्कार करून तो स्टँडकडे निघून गेला, मागे वळून न पाहता.

मी आईवर उखडले. “तुले कसं समजलं सारं?”

“फोन माहा हाय, पोरी. सातवीत पयली आली मी, वाचता येते मले.” मग तिनं मला जवळ बसवलं. “गमतीच्या जागी गंमत केली, ते ठीक. पन त्यानं मायचं सांगतलं तवा तू थांबाचं होतं.”

तिचं खरं होतं. त्याच दिवशी मी आईच्या लग्नावरचं तयार पान फाडलं आणि दुसरं लिहिलं. सोमवारी वर्गाआधी फोनवरचं नाव बदलायला मला दहा मिनिटं लागली, कुठून बदलतात तेच सापडेना.

“रोल नंबर सतरा,” सर म्हणाले. “...या कोण? पिंकी?”

मी कॅमेरा चालू केला. साठ पोरं बघत होती.

“मी लिलाबाई नाही,” मी वाचायला लागले. “आईच्या नावाआड बसून मी एका माणसाचं दुःख फुकट ऐकून घेतलं. त्याच्या बदल्यात माझं काहीच दिलं नाही. म्हणून आज देते. मी पिंकी. मला अंधाराची नाही, कुणी मला ओळखेल याची भीती वाटते. मी समुद्र पाहिला नाही. पण रोज संध्याकाळी टाकीच्या ओट्यावर मी एकाच माणसाची वाट पाहिली. तो माझ्यावर रागावला आहे. त्याचं बरोबर आहे. आणि तो मला आवडतो, हेही खरं आहे.”

त्रेचाळीसचा चौकोन काळाच होता. आणि मी बघत असतानाच तो चौकोन पडद्यावरून गेला. सर म्हणाले, “पुढचा नंबर.”

घरी येऊन मी फोन आईच्या हातात दिला. रडायचं नाही असं ठरवलं होतं, तरी चुलीच्या धुरावर ढकलून रडून घेतलं.

दिवेलागणीला फोन वाजला. आईनं उचलला, सवयीनं स्पीकर लावला.

“काकू... प्रसेनजित बोलतो.”

“बोल बाप्पा.” आईनं माझ्याकडे बघितलं, आवाज करडा केला. “कोनासंग बोलाचं हाय? लिलाबाईसंग का पिंकीसंग?”

पलीकडे रिसोडच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते.

“दोघीयसंग बी, काकू,” तो म्हणाला. “तुमच्यासंग तं जनमभर. पन आत्ता... पिंकीले द्या.”

आईनं स्पीकर बंद केला, फोन माझ्या हातात दिला, आणि दार ओढून घेत अंगणात गेली.