मठ्ठ्याचं ठिगळ

तासगावात हल्ली कोणी कोणाला शुगर विचारत नाही. "ओघ किती?" असं विचारतात. ओघ म्हणजे मेंदूला किती रक्त पोचतं त्याचं माप. औषधाच्या प्रत्येक दुकानात एक टोपी टांगलेली असते. ती डोक्यावर चढवली, की मेंदूत कुठे रक्त धावतंय आणि कुठे ठणठणाट आहे ते पडद्यावर दिसतं. मधुसूदन खरमाट्यांनी मात्र ती टोपी कधी घातली नव्हती. अठरा वर्षांपूर्वीच्या पंगतीतला शब्दन् शब्द ज्याला पाठ, त्याने कशाला घालायची?

ती पंगत भाचीच्या लग्नातली. मठ्ठ्याचं काम मधुसूदनरावांकडे, जिलबीचं धाकट्या दिगंबरकडे. भर पंगतीत, व्याह्यांच्या देखत दिगंबर म्हणाला, "हा मठ्ठा आहे की ताकाचं भांडं विसळलेलं पाणी?" झालं. एका गल्लीत राहून भावाभावांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. विषय निघाला की बायको, इंदू, उठून स्वयंपाकघरात जायची. ती वारल्यावर तर घरात बोलायलाही कोणी उरलं नाही.

आणि एका सकाळी दिगंबर दारात उभा. "अण्णा, चहा टाकलास का?"

भांडण तो साफ विसरला होता. मधुसूदनरावांनी पहिल्या दिवशी तोंड फिरवलं, दुसऱ्या दिवशी साखर किती ते विचारलं, आणि आठवड्याभरात ते दोन कप मांडून वाट बघायला लागले. भांडण एकट्याने चालवायचं म्हणजे जिवाला फार त्रास.

पण पुढे दिगंबर नातीचं नाव विसरला, आणि एकदा तर भलत्याच घरात जाऊन जेवायला बसला. मग मात्र मधुसूदनरावांनी त्याला डॉक्टर शाहीन मुजावरांकडे नेलं.

"ओघ घटलाय," डॉक्टर म्हणाल्या. "ओघ घटला की आठवणी जातात. पण कशा जातात, ते एक जनुक ठरवतं. त्याचे दोन प्रकार आहेत. एका प्रकारात आठवणीच्या जागी भोक पडतं. माणूस सरळ विसरतो. तुमचे भाऊ त्यातले."

"आणि दुसऱ्यात?"

"दुसऱ्यात मेंदू त्या भोकाला ठिगळ लावतो. हाताशी येईल ते शिवून टाकतो. त्या माणसाला वाटतं, आपल्याला लख्ख आठवतंय."

"असतात बाबा एकेक माणसं," मधुसूदनराव म्हणाले. मग जरा खाकरून त्यांनी विचारलं, "उपचाराने याला सगळं आठवेल? मठ्ठासुद्धा?"

"सगळं. नाकात औषध फवारायचं, त्याने रक्तवाहिन्या मोकळ्या होतात आणि ते जनुकही दुरुस्त होतं."

मधुसूदनरावांच्या मनात आलं, सकाळचा दुसरा कप आता जाणार. पण नातीचं नाव आठवेना म्हणून रडवेला झालेला दिगंबर त्यांनी पाहिला होता. "फवारा," ते म्हणाले.

महिन्याभराने दिगंबर आला तो उंबऱ्यापाशीच थांबला.

"आठवलं वाटतं," मधुसूदनराव म्हणाले. "माझ्या मठ्ठ्याला नावं ठेवलीस ते."

"तुझ्या? अण्णा, मठ्ठा माझ्याकडे होता. तुझ्याकडे जिलबी होती. आणि बोललास ते तू."

दोघांची अशी जुंपली की शेजारच्यांनी खिडक्या उघडल्या. शेवटी दोघेही तावातावाने डॉक्टरांकडे गेले. दिगंबरने टोपी घालून पंगत आठवली. पडद्यावर कानामागचा, आत खोलवरचा करंगळीएवढा भाग रक्ताने उजळला. तेच आठवणींचं कोठार. मग मधुसूदनरावांनी टोपी घातली. त्यांचं कोठार अंधारात राहिलं आणि उजळला तो कपाळामागचा भाग. माणूस मनाने रचतो तेव्हा उजळतो तो.

"ठिगळ," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "तुमचाही ओघ कमीच आहे, बऱ्याच वर्षांपासून."

 अठरा वर्षं मधुसूदनराव स्वतःच्याच बोलण्यावर रुसून बसले होते, आणि इंदूला ते ठाऊक होतं; म्हणूनच ती उठून स्वयंपाकघरात जायची.

दिगंबरला हसू आवरेना. "जाऊ दे रे अण्णा, मठ्ठा पातळ झालाच होता. तूही औषध घे, म्हणजे मोकळा होशील."

"महिन्याभरात सगळी ठिगळं निघतील," डॉक्टर म्हणाल्या.

"सगळी?"

"सगळी."

मधुसूदनरावांनी टोपी काढून हातात घेतली. "आमच्या हिने जन्मात कधी माझं कौतुक केलं नाही," ते म्हणाले. "भाजी चांगली आणली तरी 'बरी आहे' म्हणायची. पण गेली त्या दिवशी दवाखान्यात माझा हात धरून म्हणाली, तुमच्याबरोबर मजेत गेलं हो सगळं."

दिगंबरचं हसू थांबलं. त्या दिवशी दवाखान्यात दुसरं कोणीच नव्हतं.

"टोपी घाला आणि तेवढंच आठवा," डॉक्टर म्हणाल्या. "खरं की ठिगळ, लगेच कळेल."

मधुसूदनरावांनी टोपी टेबलावर ठेवली आणि आपल्यापासून लांब सरकवली. "आणि औषध नाहीच घेतलं तर?"

"ठिगळं वाढत जातील, काका. शेवटी खरं काहीच उरणार नाही. आणि तुम्हाला ते कळणारही नाही."

"वाढतील," मधुसूदनराव स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी आशेने डॉक्टरांकडे पाहिलं. "म्हणजे आमची ही अजून काही काही बोलेल?"