राजाबाईंचं रोशा गवत

आम्हाला त्या कड्यावरून गवताची फक्त एक पेंढी आणायची होती. सोलापुरातल्या आमच्या प्रयोगशाळेत मेंढपाळ राजाबाईंनी दिलेल्या रोशा गवताच्या तेलानं गजकर्णाची बुरशी काचेच्या बशीत जागच्या जागी रोखली होती. यंत्रानं तेलातले घटक वेगळे केले, तर जिरॅनिऑल या नेहमीच्या सुगंधी घटकासोबत एक अनोळखी घटक निघाला. इतर पाच माळांवरच्या त्याच गवतात तो नव्हता! आणि मी शहाणी, सगळं तेल पहिल्याच फेरीत संपवून बसले. चाचणी पुन्हा जमल्याशिवाय निकाल छापता येत नाही. छापला, तर शोधणारी म्हणून राजाबाईंचं नाव येणार होतं. तसा शब्द मी त्यांना दिला होता. पण राजाबाई श्रावणात वारल्या.

गवताची जागा आता ठाऊक होती ती त्यांच्या नवऱ्याला, धुळामामांना, तीही अर्धीमुर्धी.

"वरच्या टप्प्यावर हाय. मेंढरांना गजकर्ण झालं की हितनंच आणायची ती," मामा म्हणाले.

सांगोल्याकडचा ओसाड डोंगर. सकाळपासून चढत होतो. पाणी संपलं, पायाखालचा मुरूम निसटत होता, आणि सत्तरीचे मामा माझ्या पुढं! टप्प्यावर पोचलो तर कडेला रोशाचा एकच ठोंब. मामांनी पानं चुरगाळून नाकाशी धरली.

"तिच्या हाताला लई वास यायचा ह्याचा," ते म्हणाले.

मी विळ्यानं पेंढी कापली. परत वळलो आणि मामांच्या पायाखालची कड तुटली!

मी पालथी पडले. एका हातात पेंढी, दुसऱ्यात मामांचं मनगट. खाली खोल घळ!

"चंद्रिका, पेंढी धर! मला सोड की!"

"गप बसा, मामा!"

मनगट घसरू लागलं. मी पेंढी सोडली, ती घळीत गेली. दोन्ही हातांनी ओढलं. गुडघे सोलले. पुन्हा ओढलं. मामा वर आले!

ठोंब मात्र तुटलेल्या कडेबरोबर मुळासकट गेला होता. घळीत उतरून दुपारभर आम्ही ढिगारा उपसला. रोशाची एक काडीही मिळाली नाही.

"मंग आता तिचं नाव येणार न्हाय?" मामांनी विचारलं.

खोटं बोलायला जीभ रेटली नाही. "नाही, मामा."

त्यांनी हाताची माती झटकली. मग म्हणाले, "राजाबाई असती तर तिनं पेंढीच धरली असती. मला म्हणली असती, जा मर तिकडं."

आम्ही दोघंही हसलो. मग मामा तोंडात पटक्याचं टोक कोंबून रडायला लागले, आणि मला त्यांच्याकडं बघवेना.