पोयीच्या पलीकडचा

"हलू नकोस!"

मी हलले नाही. श्वाससुद्धा घेतला नाही. मट्टांचेरीच्या आमच्या शाळेचा चित्रकलेचा हॉल, समोर नवा मुलगा, कपाळावर केस… आणि तो मला म्हणतोय, हलू नकोस!

"तू नाही गं," तो म्हणाला. "पोय हलतेय. तुझा धक्का लागतोय बादलीला."

हा फेबिन. आलप्पुळहून आठवडाभराच्या शिबिराला आलेला. साडेतीनशे वर्षांपूर्वी डचांच्या एका ग्रंथासाठी आपल्याकडच्या माडाची, मिरीची, फणसाची जी चित्रं काढली गेली, ती आम्हाला त्याच पद्धतीने पुन्हा काढायची होती. म्हणजे रोज फांदी ताजी तोडून आणायची, दोघांनी दोन बाजूंना बसायचं आणि ती सुकायच्या आत कागदावर उतरवायची. आम्हा दोघांच्या वाट्याला माडाची पोय आली. बादलीत उभी केलेली, पिवळसर फुलांचा नुसता फुलोरा!

तो मान वर करायचा. मी खाली घालायचे. आता तो पोयीकडे बघतोय की… कसं कळणार, सांगा ना! आम्ही तिघं एकाच रेषेत!

"तुझ्याकडेच बघतोय," माझी मैत्रीण सफ्ना म्हणाली.

"मध्ये पोय आहे गं."

"इतका वेळ? पोयीकडे?"

मग मी हुशारी केली. 'इथे उजेड नाही' म्हणत खिडकीपाशी जाऊन बसले. पोय तिथेच. फेबिनने एकदाही — एकदाही! — खिडकीकडे बघितलं नाही. झालं. म्हणजे पोयच. माडाच्या फुलांवर जळायची वेळ आली माझ्यावर! मुकाट्याने जागेवर परतले, तर हा हसला.

"सापडला उजेड?"

"तुला काय करायचंय?"

"काही नाही… इथे अंधार पडला होता, म्हणून विचारलं."

मी वर बघितलं. ट्यूबलाइट तर चालू होती.

शेवटच्या दिवशी सगळ्यांची चित्रं फळ्यावर लागली. दुपारच्या बसने तो जाणार होता. आज कळलं नाही, तर कधीच नाही. लळिता टीचर त्याच्या चित्रापाशी थांबल्या.

"फेबिन, बुडाशी ही मादी फुलं उमललेली कशी?"

"टीचर, जुन्या चित्रात तशीच आहेत."

"ते चित्रकार झाडावरची नर फुलं गळेपर्यंत थांबले. मग मादी फुलं उमलली, तीही त्याच पानावर काढली. तुझ्यासमोर तर रोज मिटलेल्या गोट्याच होत्या! अरे, आठवडाभर पोयीसमोर बसून तू बघत कुठे होतास?"

सफ्नाचं कोपर माझ्या बरगडीत. फेबिनचे कान लालेलाल.

सगळे जेवायला पळाले. तो जागचा उठला नाही. मग मीही समोर बसले.

"खिडकीकडे का नाही बघितलंस?"

"तिकडे मध्ये काही नव्हतं ना. सगळ्यांना कळलं असतं."

"काय कळलं असतं?"

"तू पण ना, निव्या…" तो कोरडाच ब्रश पुसत राहिला. "तुझ्याकडे बघतो ते."

इतक्या दिवसांचा गोंधळ, आणि उत्तर एवढंसं! मी वाकले, दोन्ही हातांनी बादली उचलली आणि बाजूला ठेवली.

"घे. आता बघ."

आणि काय सांगू — त्याला मान वर करवेना!

मग काय, मीच बघत बसले. पोटभर.